आमचें तबकडी-प्रकरण

साठी उलटलेल्या मनुष्यानें नवी विद्या शिकूं नये, असें कोणा स्मृतिकारानें सांगितल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. परंतु आमच्या घरच्या मंडळींचें मत बहुधा तसेंच असावें. कारण २०२३ सालच्या श्रावणांत आम्ही नातवाच्या लॅपटॉपसमोर ठाण मांडून बसलों, तेव्हां सूनबाईंनीं चहाचा पेला नेहमींपेक्षां हातभर दूर ठेविला, आणि कुटुंबानें 'आतां हें काय नवीन?' एवढेंच विचारून वाती वळावयास घेतल्या. छत्तीस वर्षें मुलांकडून विभक्तिप्रत्यय घोकून घेण्यांत ज्याचा जन्म गेला, त्यानें चलच्चित्रांचें रूपांतर करून त्यांची तबकडी तयार करण्याच्या भानगडींत पडावें, हें त्यांना वयाला न शोभणारें वाटलें असल्यास नवल नाहीं. ज्या वस्तूस सर्व लोक डीव्हीडी म्हणतात तिला आम्ही तबकडी म्हणतों. ग्रामोफोनच्या काळापासून हा शब्द घराघरांत रुळलेला आहे, आणि या वस्तूसहि तो नीट बसतो.

हें सर्व कां करावें लागलें तें आधीं सांगितलें पाहिजे. आमचे थोरले बंधु, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणत असूं, ते २०२३ च्या माघांत वयाच्या ७८ व्या वर्षीं निवर्तले. वडील लवकर गेल्यामुळें आम्हां पांच भावंडांचें सर्व कांहीं त्यांनींच केलें. आमची मॅट्रिकची फी भरली ती त्यांनीं, पुढें संस्कृत शिकण्यासाठीं पाठशाळेंत नेऊन बसविलें तें त्यांनीं, आणि आमच्या पहिल्या पगाराचें पाकीट हातांत घेऊन, न उघडतां, देवापुढें ठेवून परत दिलें तेंहि त्यांनींच. दादा फार बोलके नव्हते. चारचौघांत तर वहिनींशीं त्यांनीं एखादें वाक्य बोललेलें कोणी ऐकलें नसेल. तहान लागली तर 'जरा पाणी पाहिजे होतें' असें ते भिंतीला उद्देशून म्हणत, आणि वहिनी पाणी आणीत. त्या पिढीच्या पुष्कळ घरांतून हीच रीत होती.

तेराव्यानंतर मंडळी पांगली. आम्ही साताऱ्यास निघण्यापूर्वीं वहिनींना नमस्कार करावयास वाईच्या त्या जुन्या घराच्या माजघरांत गेलों. त्या तांदूळ निवडीत बसल्या होत्या. मान वर न करतां म्हणाल्या, "भावोजी, ह्यांचा फोटो भिंतीवर आहे. आवाज कोठें आहे?"

आवाज होता. थोरला पुतण्या अमेरिकेंत असतो. २०१३ च्या मे महिन्यांत त्याच्या मुलाची मुंज वाईस झाली, त्या वेळीं त्यानें तिकडून आणलेल्या कॅमेऱ्यानें साडेतीन तासांचें चित्रण करून ठेविलें होतें. दादांनीं स्वतः म्हटलेलीं मंगलाष्टकें, भिक्षावळ, पंगती, सर्व त्यांत आहे. पुतण्यानें त्या फाइली इंटरनेटवरून पाठविल्या. पण त्या वहिनींना दाखवावयाच्या कशा? त्यांच्या एका डोळ्याचें ऑपरेशन झालेलें, बोटें कांपतात. मोबाईलच्या कांचेवर नको तेथें बोट टेकलें कीं चित्र नाहींसें होतें, आणि त्या 'गेलें बाई!' म्हणून तो खालीं ठेवतात. कोणी म्हणालें, नवा टी.व्ही. घ्या, कोणी म्हणालें, पेनड्राइव्ह लावा. परंतु वहिनींच्या खोलींत २००८ सालीं दादांनीं कीर्तनें ऐकण्यासाठीं आणलेला डीव्हीडी प्लेअर आहे. तबकडी कशी घालावी, बटण कोणतें दाबावें, हें दादांनीं त्यांना बाजूला बसून शिकविलें होतें, आणि तीं दोन बटणें वहिनींना न पाहतां सांपडतात. पंधरा वर्षांची ती संवय आपल्या सोयीसाठीं मोडावी हें आम्हांस पटेना. वर्षश्राद्धापूर्वीं तबकडी त्यांच्या हातीं द्यावयाची असें ठरविलें. त्या वर्षीं अधिक श्रावण आल्यामुळें एक महिना जास्तच पदरांत पडला. जांवयांचा म्हणून ज्या महिन्याची आम्ही एरवीं थट्टा करितों, त्याचे या वेळीं मनांतून आभार मानले.

प्रथम आम्हीं सरळ मार्ग धरिला. एका स्टुडिओवाल्याकडे फाइली दिल्या. लग्नमुंजींच्या तबकड्या करण्याचाच त्याचा धंदा आहे. बाराशें रुपये मोजले आणि चार दिवसांनीं एका चकचकीत पेटींतून तबकडी घेऊन आलों. पेटीवर बटूचें, दादांचें आणि न जाणों कोठल्या कमळांचें चित्र होतें. घरीं लावून पाहतों तों बटु ढगांतून खालीं उतरत आहे, अक्षता गुलाबाच्या पाकळ्या होऊन उडत आहेत, आणि दादा मंगलाष्टकें म्हणावयास तोंड उघडतात तोंच सिनेमांतील गाणें सुरू! सबंध तबकडींत माणसाचा आवाज म्हणून नाहीं. दादांचे ओठ हलत होते, गळ्याची शीर ताणलेली दिसत होती, आणि ऐकूं येत होतें तें प्रेमगीत.

आम्ही परत त्याच्याकडे गेलों. तो बिचारा खरोखरच बुचकळ्यांत पडला. "सर, मूळच्या आवाजांत भांडीं वाजतात, पोरें रडतात, आणि म्हणणाऱ्या आजोबांचा सूर पण जरा... म्हणून काढून टाकला. सगळ्यांना असेंच आवडतें." त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. दादांचा सूर जन्मभर पंचमाशीं भांडत राहिला. त्या गृहस्थाशीं वाद घालण्यांत अर्थ नाहीं, हें काम आतां आपणच केलें पाहिजे, असें मनाशीं म्हणत आम्ही पायऱ्या उतरलों.

नव्या लॅपटॉपांत तबकडी घालावयास बहुधा जागाच नसते, हें आमचें पहिलें ज्ञान. म्हणून तारेनें बाहेरून जोडावयाचा निराळा डीव्हीडी रायटर आणावा लागला. कोऱ्या तबकड्यांसाठीं तीन दुकानें हिंडलों. चौथ्या दुकानदारानें माळ्यावरून धुळीनें माखलेला गठ्ठा काढून दिला आणि 'अजून कोणाला लागतात ह्या?' असें कुतूहलानें विचारलें. नातवानें मूळची फाइल जशीच्या तशी एका तबकडीवर उतरविली. आम्ही ती घेऊन वाईस गेलों व वहिनींना न सांगतां प्लेअरमध्यें घालून पाहिली. त्यानें ती दोनदां फिरविली, घरघर केली, आणि तबकडी वाचतां येत नाहीं अशा अर्थाचीं इंग्रजी अक्षरें दाखवून तो स्वस्थ बसला.

याच ठिकाणीं पुष्कळ घरांतून लोक यंत्राला दोष देऊन काम सोडून देतात, म्हणून थोडें विस्तारानें सांगतों. आमच्या घराण्याचें जुनें दप्तर मोडींत आहे. दादा मोडी उत्तम वाचीत. आम्हांस ती येत नाहीं. भाषा मराठी, मजकूर आमच्याच पूर्वजांचा, पण कागद समोर ठेविला कीं आम्ही निरक्षर. दादा त्याचें बाळबोध करून देत, तेव्हां कोठें आम्हांस तें कळे. प्लेअरचें नेमकें तसेंच आहे. पहिले डीव्हीडी प्लेअर जपानांत १९९६ च्या नोव्हेंबरांत विक्रीस आले. त्या व्यवस्थेंत चित्रें लिहिण्याची जी लिपि ठरली तिचें नांव एम्पेग-२. हल्लींच्या कॅमेऱ्यांतून व मोबाईलमधून जी एच.२६४ नांवाची लिपि फार चालते, ती २००३ सालची. तिला जागा बरीच कमी लागते, पण जुन्या प्लेअरला ती समजत नाहीं. शिवाय त्याला मांडणीहि ठराविक लागते. एका विशिष्ट नांवाचें दप्तर, त्यांत एकेक जीबीच्या आंत बसणारे चित्रांचे तुकडे, आणि कोणता तुकडा केव्हां लावावा हें सांगणारीं छोटीं टिपणें, असें सर्व जागच्या जागीं असलें तरच तो वाचावयास बसतो. म्हणजे आधीं मोडीचें बाळबोध करावयाचें, मग त्याची पोथी बांधावयाची, आणि शेवटीं ती तबकडीवर उतरवावयाची. डीव्हीडीस्टाइलर नांवाच्या, फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामनें तीनहि कामें होतात. नातवानें तो लॅपटॉपांत बसवून दिला आणि तो आपल्या अभ्यासास, म्हणजे क्रिकेटला, निघून गेला.

पहिल्याच पानावर प्रोग्रामनें विचारलें: पॅल कीं एनटीएससी? हिंदुस्थानची पद्धत पॅल, सेकंदास २५ चित्रांची. म्हणून आम्हीं अभिमानानें तीच निवडली. परिणाम असा झाला कीं, अक्षता टाकणारा दादांचा हात उचकी लागल्यासारखा चालूं लागला. अमेरिकेंत घेतलेला तो कॅमेरा सेकंदास ३०, नेमकेंच बोलावयाचें तर २९.९७, चित्रें घेणारा; त्यांचीं २५ करतांना यंत्राला मधलीं चित्रें गाळावीं लागत होतीं. वहिनींचा प्लेअर व टी.व्ही. दोन्ही पद्धति चालवितात असें पाहून आम्हीं स्वदेशाभिमान बाजूला ठेविला व अमेरिकन पद्धत घेतली. हात सरळ चालूं लागला.

मोडीचें बाळबोध करतांना अक्षर गळत नाहीं. येथें मात्र गळतें. त्या कॅमेऱ्याच्या एका चित्रांत आडवे १९२० व उभे १०८० ठिपके. तबकडीच्या चित्रांत ७२० व ४८०. गुणून पाहिलें तर २०,७३,६०० ठिपक्यांचे ३,४५,६०० उरतात, म्हणजे बरोबर सहावा हिस्सा. राजानें प्रजेच्या उत्पन्नाचा सहावा भाग घ्यावा असें आपलें धर्मशास्त्र सांगतें. हें यंत्र पांच भाग स्वतः घेऊन सहावा आपणांस देतें! सुदैवानें वहिनींचा टी.व्ही. जुना, फुगीर कांचेचा. त्याला तेवढा पुरतो.

त्यानंतर आमचें आवडतें त्रैराशिक आलें. तबकडींत ४.७ जीबी मावतात असें वेष्टनावर लिहिलेलें असतें, पण संगणक तीच जागा ४.३७ दाखवितो. दुकानदारानें फसविलें असें आम्हांस वाटलें होतें. खरें कारण असें कीं, कारखानदार हजाराहजारानें मोजतो आणि संगणक १,०२४ नें. असो. ४.७ जीबी म्हणजे ३७,६०० मेगाबिट. चित्र व आवाज मिळून सेकंदास ५ मेगाबिट खर्चिले तर ७,५२० सेकंद, म्हणजे दोन तास पांच मिनिटें मावतात. साडेतीन तास त्यांतच कोंबावयाचे म्हटलें तर सेकंदाच्या वांट्यास ३ मेगाबिटहि पुरते येत नाहींत, आणि होमाचा धूर आला कीं माणसांच्या तोंडांचे चौकोन होतात. हें सर्व आम्हीं करून पाहिलें आहे. एका रूपांतरास लॅपटॉपला दोन-अडीच तास लागत. तो तापे, पंखा गरगरे, आणि कुटुंब स्वयंपाकघरांतून विचारी, 'दळण झालें का?'

आवाजाची गोष्ट मात्र निराळी निघाली. त्या कॅमेऱ्यांतील आवाज डॉल्बी डिजिटल पद्धतीनें, सेकंदास ४८,००० नमुने घेऊन नोंदलेला. आणि तबकडीलाहि तीच पद्धत चालते. प्रोग्राममध्यें आवाजापुढें 'कॉपी' हा पर्याय निवडला कीं त्यास हात न लावतां तो जसाच्या तसा उतरतो. हें कळलें त्या रात्रीं आम्हांस झोंपच लागली नाहीं असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. पण उशीरा लागली हें खरें. चित्राचे पांच भाग गेले तरी दादांचा आवाज सबंध येणार होता, भांड्यांसकट, रडणाऱ्या पोरांसकट, आणि पंचमाशीं असलेल्या भांडणासकट.

पहिली तबकडी साधली त्या दिवशीं नातवानें उत्साहाच्या भरांत वाईस फोन केला. "मोठी आजी, आजोबांची डीव्हीडी बर्न झाली!" नातवाच्या सहवासानें एवढा एक इंग्रजी शब्द वहिनींनाहि ठाऊक. त्या एकदम म्हणाल्या, "अगबाई, जळली?" वर्षश्राद्ध व्हावयाचें असलेल्या घरांत हा शब्द कानाला बरा लागला नाहीं. परंतु त्यांत खोटें कांहीं नाहीं. कोऱ्या तबकडीच्या पोटांत रंगाचा एक पातळ थर असतो. तांबड्या लेझर किरणानें तो ठिकठिकाणीं तापवून खुणा करावयाच्या, आणि प्लेअरनें पुढें मंद किरणानें त्या वाचावयाच्या. बाजारांत विकत मिळणाऱ्या सिनेमाच्या तबकड्या जळत नाहींत, त्या ठशानें छापलेल्या असतात. आमच्या घरांत तेव्हांपासून 'कोरणें' हा शब्द आम्हीं चालू केला. ताम्रपट कोरीत, तशी तबकडी कोरावयाची.

कोरतांना घाई करूं नये, एवढें अनुभवानें सांगतों. चौपट गतीनें भरलेली तबकडी सुमारें पंधरा मिनिटांत होते. तेवढा वेळ लॅपटॉपवर दुसरें काम करूं नये व टेबलास धक्का लावूं नये. वर नांव घालावयाचें तें मऊ टोंकाच्या मार्करनें. बॉलपेननें नव्हे, आणि कागदाची चिकटपट्टी तर मुळींच लावूं नये. लहानसहान ओरखड्यानें तबकडी बिघडत नाहीं, कारण मूळ मजकुराबरोबर त्याची पडताळणी करणारे जादा अंकहि तींत गुंफलेले असतात. आमच्या वैदिकांनीं पद, क्रम, जटा, घन अशा पाठांनीं तेच शब्द पुढून मागून गुंफून ठेविले त्यांतील धोरण याच जातीचें होतें. एक शब्द घसरला तर शेजारचे त्याला धरून आणतात. पण उन्हांत राहिलेल्या तबकडीचा रंगच विटला तर तेथें घनपाठीहि काय करणार?

आतां राहिली निवड. साडेतीन तासांतून दोन तास ठेवावयाचे होते. दोन तबकड्या कां केल्या नाहींत, असें वाचक विचारतील, आणि विचारलेंच पाहिजे. वहिनींना एक काढून दुसरी घालण्याचा त्रास नको, असें आम्ही त्या वेळीं सर्वांना सांगत होतों. खरें म्हणजे आमच्या आंत बसलेला परीक्षक तांबडी पेन्सिल परजून केव्हांच तयार झाला होता. ओळख न पटणारे पाहुणे काढले. आचाऱ्याची चूल काढली. मुलांच्या वेडावण्या काढल्या. एक फाइल अकरा मिनिटांची होती. पुतण्यानें कॅमेरा चालूच ठेवून खुर्चीवर टाकला असावा; पाटाचा कोपरा, सांडलेला मठ्ठा, आणि जातायेतां दिसणारे पाय, एवढेंच तींत दिसे. पंधराव्या सेकंदास आम्हीं 'निरर्थक' असा शेरा मारून ती बाद केली. मूळच्या २७ जीबींनीं व रूपांतरांच्या पसाऱ्यानें नातवाचा लॅपटॉप तुडुंब भरला होता. तबकडी शेवटपर्यंत नीट चालते असें दोनदां पाहून आम्हीं सर्व मूळ फाइलीहि पुसून टाकल्या, आणि स्वच्छ फळ्याकडे पाहावें तसें समाधानानें पाहिलें.

२०२४ च्या माघांत वर्षश्राद्धाच्या आदल्या रात्रीं वाईच्या घरीं सर्व मंडळी जमली होती. वहिनींनीं स्वतःच्या हातानें तबकडी घातली, बटण दाबलें. दादा मंगलाष्टकें म्हणूं लागले. सूर वर चढून नेहमींच्या जागीं अडखळला तेव्हां सारे हंसले, आणि हंसतां हंसतां गप्प झाले. आम्हांस धन्यता वाटली, हें लपवीत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं ब्राह्मण जेवून गेल्यावर वहिनी मागच्या पडवींत आम्हांस म्हणाल्या, "तबकडी चांगली झाली, भावोजी. त्यांत शेवटची पंगत नाहीं का?"

"पंगत आहे कीं, वहिनी."

"ती पहिली. मी म्हणतें ती आम्हां बायकांची, शेवटची. दिवस कलला होता. वाढून वाढून माझे पाय भरून आले होते. त्या वेळीं ह्यांनीं मला..." त्या थांबल्या. "थोरला म्हणाला होता, 'आई, बाबा बोलले तें सगळें कॅमेऱ्यांत आलें आहे हं!' मीं म्हटलें, 'पूस तें आधीं, लोक काय म्हणतील!' त्यानें पुसलें असेल."

त्यानें पुसलें नव्हतें. आम्हीं पुसलें होतें, आणि तसें आम्हीं त्यांना तेथेंच सांगितलें. वहिनी म्हणाल्या, "राहूं द्या हो, एवढें काय त्यांत," आणि भांडीं आवरावयास गेल्या.

जुन्या पोथ्यांची नक्कल करणारा लेखकु शेवटच्या पानावर हात जोडून सांगतो कीं, समोर जसें दिसलें तसें मीं लिहिलें, दोष मला देऊं नये. वर्गांत हें सांगतांना आम्ही त्या बापड्याच्या भोळेपणास हंसत असूं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सित आवृत्ति १९१९ मध्यें हातीं घेतली, १,२५९ हस्तलिखितें पाहिलीं, आणि १९६६ मध्यें काम पुरें केलें; त्यांत पंडितांनीं जो पाठ नाकारला तोहि फेंकून न देतां पानाच्या तळाशीं छापला आहे, हें आम्हीं किती मुलांना किती वेळां सांगितलें असेल याची गणती नाहीं. साताऱ्यास परततांना एस.टी.च्या खिडकीशीं बसून हीच वाक्यें आमच्याच आवाजांत आम्हांस ऐकूं येत होतीं.

त्याच रात्रीं पुतण्यास फोन केला. त्याची जुनी हार्ड डिस्क चालूच होईना. आम्हांला पाठविल्यानंतर केव्हां तरी ती बंद पडली होती. दुसऱ्या एका डिस्कवर प्रत असेल, पण ती घर बदललें तेव्हां कोणत्या खोक्यांत गेली तें शोधावें लागेल, असें तो म्हणाला. आठ दिवस गेले. हिंदुस्थानांतील पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ सालीं निघाला. त्यासाठीं मुंबईंत लोकांची केवढी झुंबड उडाली होती असें म्हणतात, आणि आज त्याची एकहि प्रत उपलब्ध नाहीं. पुढच्याच वर्षींचा, मराठींतील पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' मात्र आजहि पाहावयास मिळतो. एक राहिला, एक गेला. त्या आठ दिवसांत हें आमच्या मनांतून जाईना. कुटुंबानें एकदां विचारलें, 'जेवणांत लक्ष कां नाहीं?' तेव्हां आम्हीं आमटी अळणी आहे असें सांगितलें, तें उगीच.

नवव्या दिवशीं डिस्क मिळाली. स्वयंपाकाच्या जुन्या भांड्यांच्या खोक्यांत होती. पुतण्यानें आम्ही म्हटली तेवढीच फाइल त्या रात्रीं पाठविली, १.४ जीबीची. आम्हीं दार लावून ती पहिल्यापासून पाहिली. पाटाचा कोपरा. मठ्ठा. पाय. चौथ्या मिनिटास दादांच्या धोतराचा काठ चौकटींत येऊन थांबला. तोंड दिसत नाहीं, हात दिसत नाहीं. आवाज मात्र शेजारीं उभे असावे इतका स्वच्छ.

"सकाळपासून तूं कांहीं खाल्लें नाहींस. आतां बस. मी वाढतों."

"अहो, लोक आहेत."

"असूं देत."

त्यानंतर पाट सरकल्याचा आवाज, आणि पळी भांड्यावर आपटल्याचा. वाढण्याची संवय नसलेल्या माणसाची पळी आपटते तशी. आम्हीं लॅपटॉप मिटला आणि थोडा वेळ व्हरांड्यांत जाऊन बसलों.

या अकरा मिनिटांची तबकडी आम्हीं निराळी केली. जागेची ददात नव्हती, म्हणून सेकंदास ८ मेगाबिट दिले; तरी तबकडीचा सातवा हिस्सादेखील पुरता भरला नाहीं. लोकांचे पाय व सांडलेला मठ्ठा इतक्या उंची दर्जाचे आमच्या दुसऱ्या कोणत्याहि तबकडींत नाहींत. आवाज अर्थातच जसाच्या तसा. आरंभीं चित्रमय अनुक्रमणिका येते ती काढून टाकली, म्हणजे घातल्याबरोबर चालू व्हावी. पुतण्याकडून सर्व २७ जीबी पुन्हां मागवून घेतले असून त्यांच्या प्रती आतां दोन डिस्कांवर आहेत. एक साताऱ्यास आमच्या कपाटांत, दुसरी पुण्यास पुतणीकडे. तांबडी पेन्सिल आम्हीं नातवाला देऊन टाकली आहे.

तबकडी घेऊन वाईस गेलों तो दिवस एकादशीचा होता. दुपारीं घरांत दुसरें कोणी नव्हतें. वहिनींनीं ती घातली, बटण दाबलें व त्या पलंगाच्या कडेला बसल्या. त्या टी.व्ही.कडे पाहत नव्हत्याच. जपाची माळ मांडीवर ठेवून, मान थोडी वांकडी करून ऐकत होत्या. चौथें मिनिट आलें, गेलें. पळी वाजली. पुढें कोणा बायकांचें हंसणें, मग पत्रावळींचा आवाज, मग पुतण्यानें कॅमेरा उचलल्याची खडखड, आणि पडदा काळा झाला.

"जिलब्या दोनच उरल्या होत्या," वहिनी म्हणाल्या. "दोन्ही मलाच वाढल्या."

मग त्यांनीं रिमोट आमच्या हातांत दिला, आणि आवाज थोडा मोठा करून पुन्हां पहिल्यापासून लावावयास सांगितलें.